निरोधचं दुसरं काम

आजचा विषय जरा आवाज कमी करून ऐकण्यासारखा आहे. हेडफोन असतील तर लावा, नसतील तर हे वाचा.

एक साधा प्रश्न. कंडोम कशासाठी असतो? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: मूल होऊ नये म्हणून. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. त्याचं दुसरं काम म्हणजे एकाच्या शरीरातला आजार दुसऱ्याच्या शरीरात जाऊ न देणं. हे दुसरं काम आपल्या डोक्यातून कुठे गेलं? आजची गोष्ट त्याचीच.

चला १९२१ च्या मुंबईत. रघुनाथ धोंडो कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. त्यांनी त्या वर्षी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला, तेही हेच साल. म्हणजे या विषयात मुंबई जगाच्या मागे नव्हती. कर्व्यांचं वेगळेपण असं, की त्यांनी दोन्ही कामं एकत्र सांगितली. 'संततिनियमन' लिहिलं, तसंच 'गुप्तरोगांपासून बचाव' हेही लिहिलं. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. सिफिलिसवर आर्सेनिकपासून बनवलेली औषधं होती आणि त्यांचा त्रासही मोठा होता. अशा काळात 'आजार होऊच नये म्हणून काय करायचं' हे मराठीत, सरळ शब्दांत सांगणारा माणूस किती मोलाचा!

बदल्यात काय मिळालं? १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, तर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि संपादकानं उत्तरं दिली, हा गुन्हा! केस हरले, दंड झाला. मासिक मात्र कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत चालू राहिलं. घरखर्चाची बाजू बरीचशी पत्नी मालतीबाईंनी नोकरी करून सांभाळली. हे नाव आपण फार कमी घेतो.

आता थेट १९६८. लोकसंख्या वाढतेय म्हणून सरकारनं 'निरोध' बाजारात आणला. तीन नगांचं पाकीट १५ पैशांना. वितरणाची आयडिया तर आजच्या स्टार्टअपवाल्यांनी अभ्यासावी अशी: चहा, साबण, बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांचं जाळं वापरलं. जिथे चहापत्ती पोचते, तिथे निरोध पोचला. भारी काम होतं, यात वादच नाही.

पण जाहिरात कुणाला उद्देशून? नवरा-बायको, दोन मुलं, उलटा लाल त्रिकोण. निरोध म्हणजे कुटुंब नियोजन, एवढंच. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्टमध्ये दोन फीचर होती आणि मॅन्युअल एकाचंच छापलं. त्यातून दोन समज रुजले. एक, ही लग्न झालेल्यांची वस्तू. दोन, मूल होण्याची भीती नसेल तर हिची गरज नाही.

आणि मग १९८६ आलं. चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी देशातल्या पहिल्या एचआयव्ही केसेस शोधल्या. आता दुसऱ्या कामाची खरी गरज होती. आधी हाती आली ती भीती. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाला, रक्तदानातून त्याचा एचआयव्ही कळल्यावर, कायद्याचा आधार घेऊन ६४ दिवस जुन्या सॅनेटोरियममध्ये डांबून ठेवलं. माणूस कुलपात गेला, विषाणू बाहेर फिरतच राहिला. आणि हे बघून तपासणीला जाणार कोण?

उलटा रस्ता दाखवला कोलकात्याच्या सोनागाछीनं. १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी तिथल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यातून एक व्यवहारातली अडचण समोर आली. एकटी बाई 'कंडोमशिवाय नाही' म्हणाली, तर गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत जातं. म्हणजे नुसती माहिती पुरत नाही, सगळ्यांनी मिळून नाही म्हणावं लागतं. त्यांनी ते केलं, आणि सुरुवातीला अगदी नगण्य असलेला कंडोमचा वापर काही वर्षांत झपाट्यानं वाढला. आपल्या सांगलीतही त्याच सुमारास 'संग्राम' संस्थेचं काम सुरू झालं आणि पुढे बायकांनी स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. ज्यांना समाज रोगाचं कारण म्हणत होता, त्यांनीच रोग अडवून दाखवला.

आता आपल्याकडे येऊ. 'इमर्जन्सी गोळी घेतली ना, मग टेन्शन कसलं?' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. तोच १९६८ चा अर्धा धडा अजून चालू आहे. गोळी, कॉपर-टी, नसबंदी यांपैकी एकही गोष्ट आजार अडवत नाही. कंडोम अडवतो: एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडिया यांच्याविरुद्ध चांगलाच. हर्पीस, सिफिलिस, एचपीव्ही हे त्वचेच्या स्पर्शानंही पसरतात, तिथे धोका कमी होतो, शून्य होत नाही. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी यांवर लस आहे. पाकिटावरची तारीख बघा. पैशाच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवू नका, उष्णतेनं रबर कमजोर होतं. तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, लेटेक्स फाटतं. एकावर एक दोन घालू नका.

बरेचसे आजार काही लक्षण न दाखवता असतात, म्हणून 'मला काही होत नाही' हा पुरावा नव्हे. तपासणी करा. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, आणि २०१७ च्या कायद्यानं तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही, निकालही गुप्त ठेवावा लागतो. कंडोम फाटला, धोका वाटतोय? ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा, एचआयव्ही टाळायची औषधं तेवढ्या वेळातच सुरू करावी लागतात. जितक्या लवकर, तितकं बरं. कुणाला विचारावं कळत नसेल तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे.

मेडिकलवाला अजूनही पाकीट कागदात गुंडाळून देतो. देऊ दे. जोडीदाराशी बोलताना मात्र कागद नको. 'तू तपासणी केलीस का?' हा अविश्वास नाही, काळजी आहे. कर्व्यांनी दंड भरून जे छापलं, ते आज आपल्याला फुकट वाचता येतं. निदान एकमेकांना सांगू तरी.

हा भाग ज्या मित्राला पाठवायला लाज वाटतेय, त्यालाच आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात!