वाचक-गरज पाहणी (खानदेश)

सार्वजनिक ग्रंथालयाच्या परिसरात कोण राहते, काय वाचते, कोणत्या वेळी येऊ शकते आणि कोण मुळीच फिरकत नाही, हे पाहून ग्रंथखरेदी, वेळ व सेवा ठरवण्याची पद्धत. शि. रा. रंगनाथन यांच्या पंचसूत्रीत (१९३१) तिचे बीज आहे. युनेस्कोच्या १९९४च्या जाहीरनाम्यात स्थानिक गरजांचा स्पष्ट उल्लेख येतो.

पार्श्वभूमी : जळगावचे व. वा. जिल्हा सार्वजनिक वाचनालय १८७७चे. धुळ्यात वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर (३१ डिसेंबर १९२६) काही दिवसांतच, १९२७ साली, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले; शंकर श्रीकृष्ण देव यांच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडांचा संग्रह आहे. दफ्तरे आणि बाडे चाळायला येणाऱ्या अभ्यासकाची गरज विचारावी लागत नाही. तो मागणी घेऊनच येतो. सर्वसाधारण वाचनालयाचे तसे नसते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने (१९६७) ग्रंथालय-उपकर न लावता लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अनुदान देण्याचा मार्ग धरला. अ, ब, क, ड या वर्गवारीत ग्रंथसंख्या आणि वर्गणीदार मोजले जातात. त्यामुळे संख्या भरण्याकडे कल राहतो, हा आक्षेप जुना आहे.

साधने : देवघेवीची नोंद, मागणी-वही, प्रश्नावली, मुलाखती. सर्वांत बोलके साधन म्हणजे पुस्तकाच्या शेवटी डकवलेली तारखांची चिठ्ठी. एखाद्या कादंबरीची चिठ्ठी शिक्क्यांनी भरून तिच्यावर दुसरी चढते. शेजारचा जाडजूड ग्रंथ मात्र कोराच. पण चिठ्ठी बोलते ती आलेल्या वाचकाबद्दल. रावेर-यावलकडे केळीचे घड गाडीत भरणारा मजूर किंवा शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यातील पावरा पाडा तिच्यात उमटत नाही. अभ्यासिकेतला स्पर्धा परीक्षेचा उमेदवारही नाही. पुस्तके तो घरूनच आणतो, त्याला हवे असते टेबल, उजेड आणि रात्री उशिरापर्यंत उघडे दार.

भाषा : अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी. छापील मजकूर प्रमाण मराठीच्या मानाने फारच थोडा. बहिणाबाईंची गाणी (१९५२) नेमकी कोणत्या बोलीतली, यावर एकमत नाही.

उर्दू वाचक : धुळे, भुसावळ.

मूल्यमापन : वर्गणीदारांपुरती प्रश्नावली वाटणे सोपे आणि म्हणून रूढ आहे, तिच्यातून येते ती बहुधा कादंबऱ्यांची यादी. आठवडे बाजारात आणि एस.टी. स्थानकावर, वाचनालयाबाहेरच्यांना विचारून केलेली पाहणी खर्चिक पडते, पण व्यवस्थापनाच्या कामाची तीच.