नोंदवहीत नसलेली मुले

नोंदवहीतून नाव गेले की प्रश्न सुटला, ही प्रशासनातील एक जुनी समजूत आहे. ती किती महाग पडते, हे ब्रिटनच्या अनुभवावरून समजते.

१९८० च्या दशकाच्या आरंभी तेथील कारखाने झपाट्याने बंद पडले आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडून थेट कामावर रुजू होण्याची वहिवाट मोडली. सप्टेंबर १९८८ मध्ये सरकारने सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांचा भत्ता बंद केला व त्याऐवजी प्रशिक्षणाची हमी दिली. ज्यांना भत्ता नाही त्यांची नोंद नाही. त्यामुळे ही मुले बेकारांच्या गणनेतूनच गळाली. शाळा, काम, प्रशिक्षण यांपैकी कोठेही नसलेल्या या मुलांना वेल्समधील संशोधकांनी ‘स्टेटस झीरो’ म्हटले. पुढे ‘नीट’ हे संक्षिप्त नाव रूढ झाले; आपल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेशी त्याचा संबंध नाही. १९९९ मध्ये सरकारी अहवालाने मोजदाद केली, तेव्हा सोळा ते अठरा वयोगटात अशी १,६१,००० मुले, म्हणजे सुमारे ९ टक्के, आढळली.

याची किंमत किती? मार्च १९५८ च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या सुमारे सतरा हजार ब्रिटिश बालकांचा मागोवा आजवर घेतला गेला आहे. त्यातील पुरुषांविषयी ग्रेग आणि टोमिनी या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, तरुणपणी बेकार राहिलेल्यांचे वेतन बेचाळिसाव्या वर्षीही १३ ते २१ टक्क्यांनी कमी होते. पुन्हा बेकारी न आलेल्यांतही ही तूट ९ ते ११ टक्के उरली. भत्त्याची बचत त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात दिसते. बुडालेला कर मात्र पुढील अनेक अंदाजपत्रकांत विखुरतो, म्हणून त्याचा जाब कोणीच देत नाही.

आपली सेवायोजन कार्यालये १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी सुरू झाली. त्यांची नोंदवही दारात येणाऱ्यांनाच मोजते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतातील तरुणांपैकी सुमारे १० टक्के, तर तरुणींपैकी सुमारे ४८ टक्के शिक्षण, नोकरी वा प्रशिक्षण यांपैकी कशातच नव्हत्या. त्यांतील कितीतरी जणी दिवसभर घरात विनावेतन राबतात आणि काम मागायला कधीच येत नाहीत.

ब्रिटनने मुले वहीतून वगळली. आपल्या मुली वहीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. दोन्हीकडे खर्च मात्र चुकलेला नाही. तो कोणत्या शीर्षाखाली दाखवावा, हे आपण अजून ठरवलेले नाही, इतकेच.