हाड जड झालं म्हणजे बळकट झालं का?



पाळी गेली की हाडं ठिसूळ होतात, हे आपण आरोग्य शिबिरात ऐकतो. पण हे डॉक्टरांना कळलं कसं आणि त्यावरची औषधं आली कुठून, हे फारसं कुणी सांगत नाही. आज आम्ही तो इतिहास सांगणार आहोत. त्यातून एक गोष्ट पक्की कळते : हाड जड होणं वेगळं आणि बळकट होणं वेगळं.

सुरुवात होते अमेरिकेतल्या बोस्टन शहरात. तिथले डॉक्टर फुलर ऑलब्राइट मणके खचलेल्या बायांवर उपचार करत. त्यातल्या बहुतेकींची पाळी गेलेली आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९४१ च्या सुमारास त्यांनी मांडलं की बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन थांबतं आणि त्यामुळे हाड झिजतं.

हाड काही दगडासारखं निर्जीव नसतं. जुनी भिंत थोडी पाडायची आणि तिथे नवी बांधायची, असं काम त्यात रोज चालतं. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. इस्ट्रोजेन पाडणाऱ्यांना आवर घालतं. ते गेलं की पाडकाम पुढे धावतं आणि बांधकाम मागे पडतं. गर्भपिशवीच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही बीजकोशही काढले, तर हे तिशी-चाळिशीतच सुरू होतं. बीडच्या ऊसतोड बायांच्या अशा ऑपरेशनांची २०१९ मध्ये सरकारी समितीने चौकशी केली होती. तो प्रश्न पोटाचा आहे तसा हाडांचाही आहे.

मग डॉक्टरांनी इस्ट्रोजेनच गोळीतून देऊन पाहिलं. हाडांना फायदा झाला. पण २००२ साली अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त बायांवर चाललेली एक चाचणी मध्येच थांबवावी लागली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या बायांचे खुबे कमी मोडले, पण त्यांच्यात स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गाठी वाढल्या. लहान वयात बीजकोश गेलेल्या बाईला डॉक्टर आजही हे औषध देतात, पण तपासणी करून.

त्याआधी दुसरा एक मार्ग चोखाळून झाला होता, फ्लोराइडचा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या मैत्रिणींना हा शब्द नवा नाही. बोअरच्या पाण्यात तो जास्त असला की दातांवर डाग पडतात, सांधे आखडतात. तोच फ्लोराइड हाडात साठतो आणि हाड दाट करतो, म्हणून तो औषध म्हणून दिला गेला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०२ बायांवर चार वर्षं चाचणी केली. निकाल १९९० मध्ये छापून आला. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या मणक्यांची घनता ३५ टक्के वाढली होती. मशीनवर बघाल तर हाड उत्तम! पण मणके मोडायचं प्रमाण म्हणावं तसं घटलं नाही आणि हातापायांची, खुब्याची हाडं उलट सुमारे तिप्पट मोडली. भिंत जाड झाली होती, पण माती कच्ची होती.

आज जास्त वापरात असलेल्या गोळीची गोष्ट अशीच पाण्यापासून सुरू होते. क्षाराचं पाणी तापवलं की पातेल्याला पांढरा थर धरतो. तो थर पाइपात धरू नये म्हणून कारखान्यात काही फॉस्फेट वापरत. स्वित्झर्लंडमधले डॉक्टर हर्बर्ट फ्लाइश यांना १९६० च्या दशकात दिसलं की तसाच एक पदार्थ आपल्या अंगातही असतो. त्याच्यासारखी, पण पोटात न विरघळून जाणारी औषधं त्यांनी आणि सोबत्यांनी शोधली. ती हाडाला चिकटतात आणि पाडणाऱ्या पेशींना रोखतात. अॅलेन्ड्रोनेट हे त्यातलंच एक. १९९६ मध्ये त्याच्या चाचणीचा निकाल आला. मणका आधीच खचलेल्या सुमारे दोन हजार बाया त्यात होत्या. साधी गोळी घेणाऱ्या हजारभर बायांपैकी २२ जणींचा खुबा मोडला, औषधाची गोळी घेणाऱ्या तेवढ्याच बायांपैकी ११ जणींचा. घनता मात्र काही टक्केच वाढली होती. फ्लोराइडच्या अगदी उलट!

याही औषधाला मर्यादा आहेत. बरीच वर्षं सलग घेतल्यावर काही थोड्या बायांचं मांडीचं हाड किरकोळ कारणाने मोडल्याचं पुढे दिसलं. म्हणून काही वर्षांनी डॉक्टर फेरतपासणी करतात आणि बऱ्याच जणींची गोळी काही काळ थांबवतात. गोळी घ्यायचीही रीत आहे : सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही घ्यायचा नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते.

म्हणून मैत्रिणींनो, कुणी तुम्हाला हाडांचं औषध दिलं, तर ‘घनता किती वाढेल?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘याने हाड मोडायचं कमी होतं का, किती वर्षं घ्यायचं, त्रास काय होऊ शकतो?’ हे तीन प्रश्न विचारा. ऑपरेशन सुचवलं, तर बीजकोश काढणार का, हेही आधी विचारा. आपल्या आधी हजारो बाया या चाचण्यांमध्ये सामील झाल्या, म्हणून आज या प्रश्नांना उत्तरं आहेत. ती मागून घेणं आपलं काम.