हत्यार, शस्त्र आणि परवाना : खानदेशच्या इतिहासातील एक प्रश्न

सुताराच्या पटाशीला मराठीत हत्यार म्हणतात, आणि दरोडेखोराच्या सुऱ्यालाही हत्यारच म्हणतात. ‘हात’ या शब्दाशी नाते असलेला हा शब्द वस्तूच्या उपयोगाविषयी काहीच सांगत नाही. तो निर्णय हाताच्या धन्यावर सोपवितो. कायद्याला मात्र असे सोपवून चालत नाही. कोणती वस्तू शस्त्र, ती कोणी बाळगावी आणि उघडपणे की लपवून, हे त्याला ठरवावेच लागते. अमेरिकेत या प्रश्नावरील वाद १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीभोवती फिरतो. आपल्याकडे त्याची जडणघडण निराळी आहे; आणि ती समजून घेण्यास जळगाव व धुळे हे जिल्हे, म्हणजे जुन्या खानदेशाचा मोठा भाग, विशेष उपयोगी पडतो.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, तेव्हा सातपुडा आणि सातमाळ्याच्या रांगांतील भिल्लांपुढे सरकारचे काही चालेना. मोहिमांमागून मोहिमा काढूनही बंडे शमली नाहीत. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली व तिचे ठाणे आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे बसविले. ज्यांच्या हातचा तीरकमठा सरकारला धोक्याचा वाटत होता, त्यांच्याच हाती सरकारी बंदूक आली. हात तेच होते. बदलला होता तो सरकारचा विश्वास.

परंतु हा विश्वास देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होता. सेंधव्याच्या घाटात वाटेच्या रखवालीसाठी सरकारी चाकरीत असलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये बंडात सामील झाला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे भिल्ल बंडखोर आणि इंग्रजी फौज यांची लढाई झाली. एकाच समाजाच्या हातातील शस्त्र एकीकडे राजनिष्ठेचे, तर दुसरीकडे राजद्रोहाचे चिन्ह ठरले.

या उठावाच्या धामधुमीतच १८५७ चा अठ्ठाविसावा कायदा होऊन शस्त्रे बाळगण्यावर नियंत्रण आले. १८६० मध्ये दुसरा कायदा झाला आणि लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ चा अकरावा कायदा आला. या शेवटच्या कायद्याच्या दोन गोष्टी येथे ध्यानात घ्यावयाच्या आहेत. पहिली त्याच्या व्याख्येची. बंदुका, तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर धनुष्यबाणही त्या व्याख्येत नावानिशी घातलेला आहे. डोंगरातील माणसाचे शिकारीचे साधन अशा रीतीने तोफेच्या पंगतीस बसले. दुसरी गोष्ट सवलतीची. कोणास या कायद्यातून वगळावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे ठेवला आणि त्याचा लाभ युरोपियनांना दिला. म्हणजे वस्तूंची यादी सर्वांस एक, पण कसोटी माणसाच्या वर्णाची. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्यात बदल मागितला, त्यामागे शस्त्रांच्या हौसेपेक्षा या अविश्वासाची बोच अधिक होती. वर्णभेदाची ही सवलत पुढे १९२० च्या नियमांनी दूर झाली.

लपविण्याचा विचारही याच कायद्यात आहे. विनापरवाना शस्त्र बाळगण्यास तीन वर्षांपर्यंत कैद होती. पण तेच कृत्य सरकारी नोकरास कळू नये अशा बेताने केले, तर सात वर्षांपर्यंत. मराठीला ही कल्पना नवी नव्हती. काठीच्या पोटात दडविलेल्या पात्याला आपण ‘गुप्ती’ म्हणतो. ज्या गुणामुळे हे शस्त्र भयंकर ठरते, तोच गुण त्याच्या नावात आहे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न नव्याने मांडला गेला. शस्त्र बाळगण्याचा हक्क काँग्रेसने १९३१ मध्ये मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत, मान्य केला होता. त्याच्या आधारे डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामथ यांनी संविधान सभेत तो हक्क घटनेत घालण्याची सूचना आणली. ती फेटाळली गेली. घटनेने दिला तो शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याने कसोटी वस्तूच्या हेतूकडे वळविली. आक्रमणासाठी वा बचावासाठी घडविलेली वस्तू ती शस्त्र. केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाची लाठी, चालण्याची साधी काठी ही शस्त्रे नव्हेत. धनुष्यबाणाचा नावाने केलेला उल्लेख या व्याख्येतून गेला. १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा वर्ग आला आणि त्यात गुप्तीही आली. उलट, १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली मनाईहुकूम निघाला की काठ्या-लाठ्याही निषिद्ध होतात. हा कायदा आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, आणि सणावारी वा निवडणुकीच्या वेळी असे हुकूम खानदेशातही निघतात. एकच काठी एका दिवशी आधार, तर दुसऱ्या दिवशी हत्यार!

हक्कवादी म्हणतात की, दूरच्या वस्तीवरील शेतकऱ्याने पोलिसांची वाट पाहत बसावे काय? विरोधक म्हणतात की, घरोघरी पिस्तूल आले तर बांधावरच्या भांडणाचा शेवट रक्तात होईल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि सातपुड्याच्या बाजूने चोरट्या मार्गाने येणारा गावठी कट्टा दुसऱ्या पक्षाची भीती अकारण नाही हे दाखवितो. म्हणून परवाना हवाच. पण परवाना म्हणजे शासनाने व्यक्तीवर ठेवलेला विश्वास होय, आणि तो जात, वर्ण वा समूह पाहून ठेवला म्हणजे काय होते, हे धरणगाव आणि अंबापाणी यांनी शिकविले आहे. १९५९ च्या कायद्यात एक तरतूद आहे : पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नकाराची कारणे लेखी नोंदविणे आणि अपिलाची सोय हीही त्यात आहे. शस्त्र कोणाच्या हाती द्यावयाचे याचा निर्णय त्या माणसाच्या वर्तनावरून व्हावा, त्याच्या कुळावरून नव्हे, ही दृष्टी या तरतुदींमागे दिसते. ती कागदावरून कचेरीत उतरते की नाही, हे पाहणे आता अभ्यासकाचे आणि नागरिकाचे काम आहे.