कॅनडातील लोकप्रिय संगीत : कलावंतांचा उदय

कॅनडातील लोकप्रिय संगीताचा इतिहास हा बव्हंशी तेथील कलावंतांनी आपल्याच देशातील श्रोता कसा मिळविला, याचा इतिहास आहे. सु. ९९.८ लक्ष चौ. किमी. क्षेत्रफळाच्या या देशातील बहुतेक लोकवस्ती दक्षिण सीमेलगतच्या लांबलचक पट्ट्यात विखुरलेली आहे. सीमेपलीकडील अमेरिकन नभोवाणी केंद्रांचे कार्यक्रम तेथे सहज ऐकू येत. ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायातही अमेरिकन कंपन्यांचे वर्चस्व होते. त्यामुळे इंग्रजी भाषेत गाणाऱ्या कॅनेडियन गायकास घरच्या श्रोत्यांसमोरही अमेरिकन कलावंतांशी स्पर्धा करावी लागे. प्रारंभ गावच्या सभागृहात, मान्यता परदेशात आणि त्यानंतर स्वदेशात कौतुक, असा क्रम दीर्घकाळ रूढ होता.

प्रारंभीचा काळ : आँटॅरिओ प्रांतातील लंडन या गावी जन्मलेल्या गाय लोम्बार्डो (१९०२–७७) याचा ‘रॉयल कॅनेडियन्स’ हा वाद्यवृंद १९२४ नंतर अमेरिकेत नावारूपास आला. नोव्हास्कोशाचा हँक स्नो (१९१४–९९) १९३३ पासून हॅलिफॅक्सच्या नभोवाणी केंद्रावर गाऊ लागला. १९३६ मध्ये माँट्रिऑल येथे त्याची पहिली ध्वनिमुद्रिका तयार झाली. तथापि त्याला खरी कीर्ती लाभली, ती नॅशव्हिलमध्ये स्थायिक झाल्यानंतर १९५० मध्ये. माँट्रिऑलच्या कृष्णवर्णीय वस्तीतील रेल्वे कामगाराचा मुलगा ऑस्कर पीटरसन (१९२५–२००७) हा कॅनेडियन नभोवाणी मंडळाची स्पर्धा जिंकून किशोरवयातच पियानोवादक म्हणून परिचित झाला. परंतु जॅझच्या जगात त्याचे नाव झाले ते १९४९ मधील न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील वादनामुळे.

फ्रेंच भाषक क्वीबेकची स्थिती काहीशी वेगळी होती. तेथे भाषेनेच अमेरिकन संगीताला काही अंशी बांध घातला होता. माँट्रिऑलच्या लोकसंगीताच्या मैफलींतून पुढे आलेली मारी त्राव्हेर ऊर्फ ला बोल्द्यूक (१८९४–१९४१) हिच्या ध्वनिमुद्रिका १९२९ पासून घरोघरी पोहोचल्या. मंदीच्या काळातील सामान्यांचे जीवन तिने बोलीभाषेत गायिले. मात्र फेलिक्स लक्लेर (१९१४–८८) या कवी-गायकास १९५० मध्ये पॅरिसमध्ये यश मिळाल्यावरच मायदेशात मोठी प्रतिष्ठा लाभली.

कॉफीगृहे व मद्यगृहे : १९६० नंतरच्या दशकात टोराँटोचा यॉर्कव्हिल हा भाग कॉफीगृहांसाठी प्रसिद्ध झाला. तेथील ‘रिव्हरबोट’सारख्या लहानशा जागेत गॉर्डन लाइटफूट, जोनी मिचेल, नील यंग आदी कलावंत गात असत. यंगने त्यापूर्वी विनिपेगमधील किशोरांच्या नृत्यसमारंभांतून आपल्या बँडसह वादन केले होते. टोराँटोच्या यंग स्ट्रीटवरील मद्यगृहांत आर्कॅन्सॉहून आलेल्या रॉनी हॉकिन्स याच्या बँडमध्ये चार कॅनेडियन तरुण व लीव्हन हेल्म हा अमेरिकन ढोलवादक तयार झाले. रात्रीमागून रात्री वाजविण्याची ही एक कठोर शाळाच होती. १९६४ मध्ये त्यांनी हॉकिन्सची साथ सोडली. पुढे बॉब डिलनला साथ करून हेच वादक ‘द बँड’ या नावाने जगप्रसिद्ध झाले. मिचेल व यंग हेही अमेरिकेत गेले. यंगने १९६६ मध्ये लॉस अँजेल्सची वाट धरली.

मायदेशातील उपेक्षेचे बोलके उदाहरण विनिपेगच्या एका बँडचे आहे. १९६५ मध्ये त्याची ध्वनिमुद्रिका कॅनेडियन म्हणून बाजूस पडू नये, यासाठी कंपनीने वादकांचे नाव न देता तबकडीवर ‘गेस हू?’ म्हणजे ‘ओळखा पाहू कोण?’ एवढेच छापले. श्रोत्यांनी तेच नाव रूढ केले आणि बँडलाही ते स्वीकारावे लागले. १९७० मध्ये हाच बँड अमेरिकेच्या लोकप्रियता-सूचीत प्रथम स्थानी पोहोचला.

नियमन : या परिस्थितीवर उपाय म्हणून कॅनडाच्या नभोवाणी व दूरचित्रवाणी आयोगाने १९७१ पासून ए.एम. नभोवाणी केंद्रांवरील संगीतापैकी ३० टक्के संगीत कॅनेडियन असावे, असा दंडक घातला. संगीतरचना, कलावंत, निर्मिती व गीत या घटकांवरून गाण्याचे कॅनेडियनत्व ठरू लागले. लोकप्रिय संगीतासाठीचे हे प्रमाण पुढे ३५ टक्के करण्यात आले. देशाच्या प्रमुख संगीत पुरस्कारांना ‘जुनो’ हे नाव आयोगाचे पहिले अध्यक्ष प्येर जुनो यांच्यावरून पडले.

या दंडकावर टीकाही झाली. काही केंद्रे कॅनेडियन गाणी श्रोते कमी असलेल्या वेळी वाजवीत. ब्रायन ॲडम्सच्या १९९१ मधील गाण्यांचा सहरचनाकार परदेशी असल्याने ती नियमांच्या कसोटीस उतरली नाहीत; नंतर नियमांत दुरुस्ती करावी लागली. तसेच दंडकामुळे जुना क्रम एकदम मोडला नाही. टोराँटोच्या ‘रश’ बँडने १९७४ मध्ये स्वखर्चाने काढलेली ध्वनिमुद्रिका गाजली, ती अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या एका नभोवाणी केंद्रामुळे. मात्र दंडकाचा मोठा परिणाम असा झाला, की देशातच ध्वनिमुद्रणगृहे, निर्माते व व्यवस्थापक यांचा व्यवसाय उभा राहिला. देशात राहूनही संगीतावर निर्वाह करणे अधिक कलावंतांना शक्य झाले.

आंतरजालामुळे या इतिहासास नवे वळण लागले. आँटॅरिओतील स्ट्रॅटफर्डचा जस्टिन बीबर २००७ पासून यूट्यूबवरील चित्रफितींमुळे प्रकाशात आला. पण त्याला हेरले ते एका अमेरिकन व्यवस्थापकानेच. आंतरजालावरून संगीत पुरविणाऱ्या कंपन्यांनाही आयोगाच्या कक्षेत आणणारा कायदा कॅनडाच्या संसदेने २०२३ मध्ये संमत केला. माध्यमे बदलली, तरी आपल्या माणसाचे गाणे आपल्या लोकांपर्यंत कोणी पोहोचवावयाचे, हा १९७१ मधील प्रश्न त्यामुळे पुन्हा नव्या स्वरूपात पुढे आला आहे.