विषय आणि प्रश्न : एका फसलेल्या कालप्रवासाच्या निमित्ताने

इतिहासाच्या अभ्यासकाला एक मोह आयुष्यभर सोडत नाही. समोरचा कागद कसरीने खाल्लेला असतो, बखरकार आपल्या धन्याची बाजू घेत असतो, दोन पत्रांतल्या तारखा जुळत नसतात. अशा वेळी वाटते, एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहता आले असते तर! कालप्रवासाची कादंबरी हाच मोह पुरवते, आणि म्हणूनच साहित्याचा व इतिहासाचा वाचक तिच्याकडे काही वेगळ्या अपेक्षेने वळतो. गंमत अशी, की ज्या पुस्तकाने हा प्रकार रूढ केला त्या एच. जी. वेल्सच्या 'द टाइम मशीन'चा (१८९५) नायक भूतकाळात जातच नाही. तो जातो थेट इ. स. ८०२७०१ मध्ये. वेल्सला आपल्या काळातील वर्गभेदाचे टोक पाहायचे होते, आणि ते भविष्यातच सापडणारे होते. काळयंत्र इतिहासकाराच्या हाती आले ते बरेच नंतर.

ते पद्धतशीरपणे त्याच्या हाती देण्याचे श्रेय अमेरिकन लेखिका कॉनी विलिस यांना द्यावे लागेल. त्यांच्या कल्पनेतील एकविसाव्या शतकाच्या मध्यावरील ऑक्सफर्ड विद्यापीठात इतिहासाचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी भूतकाळात पाठवले जातात. 'फायर वॉच' (१९८२) ही दीर्घकथा, चौदाव्या शतकातील प्लेगवरची 'डूम्सडे बुक' (१९९२) आणि व्हिक्टोरियन काळातली विनोदी 'टु से नथिंग ऑफ द डॉग' (१९९७) ही या मालिकेतील आधीची पुस्तके. त्यानंतर २०१० साली, फेब्रुवारीत 'ब्लॅकआउट' आणि ऑक्टोबरमध्ये 'ऑल क्लियर', अशा दोन खंडांत एकच प्रचंड कादंबरी आली. विषय होता दुसऱ्या महायुद्धातील इंग्लंड. या जोडकादंबरीला नेब्युला आणि ह्यूगो हे विज्ञानसाहित्यातील दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. आणि तरीही, लेखिकेच्या निष्ठावंत वाचकांपैकी अनेकांनी हे पुस्तक खाली ठेवले ते निराश होऊनच. आमचीही गणना त्यांतच करावी लागेल. मात्र ही निराशा नेमकी कशाची, हे शोधताना आम्हाला जे दिसले ते त्या एका कादंबरीपुरते मर्यादित नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

कथानक थोडक्यात असे. तीन तरुण इतिहासकार १९४० च्या इंग्लंडमध्ये येतात. आयलीन एका जमीनदाराच्या वाड्यात मोलकरीण होऊन, शहरांतून खेड्यांत हलवलेल्या मुलांचे निरीक्षण करते. पॉली लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका मोठ्या दुकानात विक्रेती होते. बॉम्बहल्ल्यांच्या काळात सामान्य लंडनवासी कसे वागले हा तिचा विषय. माइकला सामान्य माणसांतले वीर पाहायचे असतात, आणि तो न ठरवता डंकर्कच्या माघारीत ओढला जातो. मग परतीची दारे उघडेनाशी होतात. तिघेही त्या युद्धात अडकतात. आणि आपल्या एखाद्या कृतीमुळे इतिहास बदलला तर नाही ना, ब्रिटन युद्ध हरणार तर नाही ना, या भीतीत उरलेली पाने जातात.

वाचकांच्या तक्रारी साधारण तीन प्रकारच्या आहेत. पहिली लांबीची. दोन्ही खंड मिळून ११०० हून अधिक पाने होतात आणि पहिला खंड कसलाही समारोप न करता मध्येच तुटतो. दुसरी तक्रार रचनेची. पात्रे एकमेकांना शोधत फिरतात, थोडक्यात चुकतात, पुन्हा शोधतात. महत्त्वाची गोष्ट 'तिला काळजी नको' म्हणून एकमेकांपासून लपवतात, आणि त्या लपवण्यावर पुढची शंभर पाने निघतात. हे तंत्र विलिस यांचे जुनेच आहे. 'डूम्सडे बुक'मध्ये २०५४ सालचे प्राध्यापक दूरध्वनी लागत नाही म्हणून हैराण झालेले दिसतात. आजचा वाचक त्यावर हसतो. पण तिथे साथीच्या काळातील असहायतेशी ती धडपड जुळून गेली होती. इथे मात्र तंत्रच उघडे पडते.

तिसरी तक्रार तपशिलांची, आणि ती ब्रिटिश वाचकांकडून अधिक तीव्रतेने आली. लंडनच्या भुयारी रेल्वेतील ज्युबिली लाइनचा उल्लेख १९४० च्या कथेत आला. ती मार्गिका सुरू झाली १९७९ साली, आणि तिचे नावच मुळी राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवावरून, म्हणजे १९७७ वरून पडलेले. लंडनकरांच्या तोंडी अमेरिकन वळणाची भाषा आल्याचेही अनेकांनी दाखवले. आपल्याकडील वाचकाला ही चिडचिड समजावून सांगण्याची गरज नाही. शिवकालीन स्वयंपाकघरात टोमॅटो किंवा पेशव्यांच्या बैठकीत चहा आला की आपणही असेच पेन्सिल घेऊन बसतो.

या तिसऱ्या तक्रारीपाशी थोडे थांबायला हवे. साध्या ऐतिहासिक कादंबरीतील कालविपर्यास ही लेखकाची चूक असते. कालप्रवासाच्या कादंबरीत मात्र ती कराराचा भंग ठरते. 'मी तिथे होतो' असे म्हणणाऱ्या साक्षीदाराने तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या स्थानकावरून गाडी पकडली, तर त्याच्या उरलेल्या साक्षीचे काय करायचे? म्हणून वाचकांचा राग आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. परंतु समजा, एखाद्या दक्ष संपादकाने अशा साऱ्या चुका काढून टाकल्या, तीनशे पानेही कापली. तर ही कादंबरी चांगली झाली असती का? आमचे उत्तर नकारार्थी आहे. आमच्या मते खरा दोष अधिक खोलवर आहे. या तिन्ही इतिहासकारांपाशी विषय आहे, प्रश्न नाही.

संशोधनाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा भेद लगेच कळेल. 'हल्ल्यांच्या काळातील लंडनवासी' हा विषय झाला. 'अमुक हल्ल्यात नेमके किती लोक मेले आणि सरकारने कमी का सांगितले?' हा प्रश्न झाला. विषय घेऊन गेलेला माणूस पाहतो, टिपतो, भारावतो. प्रश्न घेऊन गेलेला माणूस काही विशिष्ट ठिकाणी जातो, काही विशिष्ट माणसांना भेटतो, आणि अनेकदा त्याला नको असलेले उत्तर मिळते. पॉलीच्या स्मृतीत त्या वर्षाअखेरपर्यंतच्या हल्ल्यांच्या वेळा व ठिकाणे भरलेली आहेत, त्यामुळे कुठे जायचे नाही हे तिला ठाऊक आहे. कुठे गेलेच पाहिजे, हे मात्र तिला कधी सुचत नाही.

एक उदाहरण देतो. लंडनवरील सलग हल्ले ७ सप्टेंबर १९४० ला सुरू झाले आणि ५७ रात्री जवळजवळ अखंड चालले. पहिल्याच तडाख्यात पूर्व लंडनमधील गोदी कामगारांच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. कॅनिंग टाउन भागातील बेघर कुटुंबांना साउथ हॉल्सव्हिल शाळेत आणून ठेवले गेले. बसगाड्या येतील आणि सुरक्षित ठिकाणी नेतील, असे त्यांना सांगण्यात आले होते. बसगाड्या आल्या नाहीत. १० सप्टेंबरच्या पहाटे शाळेवर बॉम्ब पडला. अधिकृत आकडा सत्तरच्या घरातला. त्या वस्तीतील लोकांनी तो कधीच मान्य केला नाही. त्यांच्या मते मृतांची संख्या शेकड्यांत होती. बसचालकांना चुकून कॅम्डन टाउनला पाठवले गेले, असेही तिथे सांगितले जाते. काळयंत्र हाताशी असलेल्या इतिहासकाराने जावे तर इथे. आदल्या संध्याकाळी त्या शाळेच्या दारात उभे राहून आत जाणारी माणसे मोजावीत. हे काम कोणताही दस्तऐवज करू शकत नाही. साक्षीदारच करू शकतो. आणि आत जाणाऱ्या बाईला 'इथे थांबू नका' असे सांगावे की नाही, हा पेच तर मोजता मोजताच त्याच्यापुढे उभा राहील. अकराशे पानांच्या काळजीत जो ताण साधत नाही, तो त्या एका दारात आहे.

मग ही कादंबरी कुठे जाते? ती भूतकाळात न जाता स्मरणात जाते, असे आम्हाला वाटते. ब्रिटिश इतिहासकार अँगस कॅल्डर यांनी 'द पीपल्स वॉर' (१९६९) या ग्रंथात सामान्य लोकांच्या नजरेतून त्या युद्धाचा इतिहास लिहिला, आणि पुढे 'द मिथ ऑफ द ब्लिट्झ' (१९९१) मध्ये त्या काळाविषयीची दंतकथा कशी घडली याचा शोध घेतला. एकजूट, विनोदबुद्धी, संकटातही चहाचा कप न सांडणारा धीर, हे सारे खोटे होते असे कॅल्डर म्हणत नाहीत. परंतु त्याच काळात ढिगाऱ्यांतून लूटही होत होती. भुयारी स्थानकांचा आसऱ्यासाठी वापर करायला सरकारचा सुरुवातीला विरोध होता. लोकांनी तिकिटे काढून आत जाऊन तो मोडून काढला. १४ सप्टेंबर १९४० च्या रात्री पूर्व लंडनमधील कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि रहिवासी सॅव्हॉय या उंची हॉटेलच्या तळघरात शिरले, कारण श्रीमंतांचे आश्रयस्थान आणि गरिबांचे आश्रयस्थान यांतील फरक त्यांना जगाला दाखवायचा होता. या इंग्लंडचा दाब विलिस यांच्या कादंबरीवर जाणवत नाही. तिथे तळघरात शेक्सपिअरचे संवाद म्हणणारा वृद्ध नट सर गॉडफ्रे आहे. पात्र म्हणून तो लोभसच आहे. पण त्याला भेटण्यासाठी काळयंत्राची आवश्यकता नव्हती. लोकांनी स्वतःविषयी जपलेली आठवण त्यासाठी पुरेशी होती.

शेवटी जो उलगडा होतो, त्याने निराशा पक्की होते. कळते असे, की या प्रवाशांनी इतिहास बिघडवला नाही. उलट त्यांनी केलेली लहानसहान मदत विजयासाठी आवश्यकच होती आणि म्हणून कालप्रवाहानेच त्यांना तिथे रोखून धरले. ही कल्पना सुखद आहे, परंतु ती इतिहासाला हेतू बहाल करते. काळालाच जर योग्य पक्ष जिंकावा असे वाटत असेल आणि त्यासाठी तो माणसे राखून ठेवत असेल, तर ब्लिट्झमध्ये मारले गेलेले सुमारे ४३ हजार नागरिक त्याने कोणत्या हिशेबात सोडून दिले? श्रद्धावंत मनुष्य याला काही उत्तर देऊ शकेल. इतिहासकाराला मात्र हा प्रश्न विचारावा लागतो, आणि या कादंबरीतील इतिहासकार तो विचारत नाहीत.

विशेष वाईट याचे वाटते, की याच लेखिकेने हाच प्रश्न अठ्ठावीस वर्षांपूर्वी विचारला होता. 'फायर वॉच'चा नायक बार्थोलोम्यू सेंट पॉल कॅथीड्रलवर पडणारे आगलावे बॉम्ब विझवणाऱ्या स्वयंसेवकांत जाऊन राहतो. हे मंदिर आज वाचले तरी पुढे नष्ट होणार आहे, हे त्याला ठाऊक आहे. तो परतल्यावर त्याची परीक्षा होते आणि त्या परीक्षेत केवळ आकडे विचारले जातात : बॉम्ब किती, मृत किती. ज्यांच्यासोबत त्याने रात्री काढल्या ती माणसे कोणीच विचारत नाही. तो संतापून थेट आपल्या गुरूवर हात उगारतो. आकडा आणि माणूस यांच्यातील हे भांडण म्हणजेच इतिहासलेखनाचा गाभा. काही थोड्या पानांत जे साधले होते, ते दोन जाडजूड खंडांत विरून गेले. साहित्यात विस्तार ही नेहमीच प्रगती नसते, हे आपल्याकडील ऐतिहासिक कादंबरीच्या वाचकालाही अनुभवाने माहीत आहे.

इथे मराठी वाचकाला जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेची आठवण होणे अपरिहार्य आहे. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेल्यामुळे ती महाराष्ट्राबाहेरही वाचली गेली. प्रा. गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा मुंबईत पोहोचतात, जिथे मराठे १७६१ चे पानिपत हरलेलेच नाहीत. हा प्रवास भूतकाळात नेणारा नाही, वर्तमानाच्याच दुसऱ्या शक्यतेत नेणारा आहे. पण पंत तिथे काय करतात ते पाहावे. ते थेट टाउन हॉलमधील ग्रंथालय गाठतात आणि इतिहासाचे खंड एकामागून एक चाळत जातात. आपला आणि या जगाचा इतिहास नेमका कुठे वेगळा झाला, हा त्यांचा प्रश्न. आणि उत्तर बखरीच्या एका पानावर सापडते : विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात निसटून गेली. त्यांच्यापाशी यंत्र नाही, प्रशिक्षण नाही, पाठीशी विद्यापीठ नाही. परंतु प्रश्न आहे. म्हणून अवघ्या काही पानांची ती कथा वाचकाला बेचैन करते. परत येताना त्यांच्या खिशात पुरावा म्हणून उरते ते बखरीचे फाटके पान. इतिहासकाराचे भागधेयच जणू त्यात आले आहे.

विलिस यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कादंबरीच्या अखेरीस परतीचे दार उघडते, तेव्हा आयलीन परतत नाही. जी दोन उपद्रवी, अनाथ मुले ती निरीक्षणासाठी पाहत होती, त्यांना वाढवण्यासाठी ती त्याच काळात राहते. निरीक्षक असलेली स्त्री त्या काळाची रहिवासी होते. या प्रसंगापाशी आम्ही दोघेही थबकलो. तिला अखेर एक प्रश्न सापडला होता : ज्यांचा अभ्यास करायला आपण आलो, त्यांचे आपण काही लागतो की नाही? तो पहिल्या शंभर पानांत सापडला असता, तर बहुधा हा लेख वेगळ्या सुरात लिहावा लागला असता.

ज्युबिली लाइनची चूक दुरुस्त होण्यासारखी आहे. ही दुसरी उणीव दुरुस्त होणारी नाही, आणि ती केवळ एका अमेरिकन लेखिकेची आहे असे म्हणण्याचे धाडसही आम्ही करणार नाही. दरवर्षी आमच्यासमोर प्रबंधांचे प्रस्ताव येतात. त्यांवर विषय ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. प्रश्न शोधावा लागतो, आणि पुष्कळदा तो नसतोच. विद्यार्थ्यांना आम्ही तपशिलांच्या चुका दाखवतो, कारण त्या दाखवणे सोपे असते. यापुढे निदान एवढे तरी विचारावे असे ठरवले आहे : तुला त्या काळात जाता आले, तर तू कोणत्या दारात उभा राहशील?