अर्ध्या गुणाची गोष्ट

आजचा भाग गणिताच्या पेपरातल्या अर्ध्या गुणाबद्दल.

माजलगाव तालुक्यातलं आपलं दिंद्रुड. इथल्या पोरापोरींची दहावी राज्य मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर विभागात येते. आता समजा, बीजगणितात दोन गुणांचा प्रश्न आहे : ५, ८, ११... या श्रेढीचं २० वं पद काढा. एका मुलीनं सूत्र बरोबर लिहिलं, अर्धा गुण. किमती बरोबर घातल्या, अजून अर्धा. मग १९ × ३ चे ५७ ऐवजी ५४ केले आणि ६२ च्या जागी उत्तर आलं ५९. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट चुकलं की टेस्ट फेल, विषय संपला. गणिताच्या पेपरात मात्र पायऱ्यांना गुण असतात, म्हणजे हिला एक गुण मिळायला हवा.

पण परीक्षकानं घाईत फक्त शेवटचा आकडा बघून शून्य दिलं तर?

मंडळ सुरू झालं १९६६ मध्ये. १९७७ च्या विनियमांत गुणपडताळणीची सोय होती. पण त्यात बघायचं काय, तर सगळी उत्तरं तपासलीत का आणि बेरीज बरोबर आहे का. आपल्या मुलीचं उत्तर तपासलेलं होतं, बेरीजही बरोबर होती. म्हणजे तिचा एक गुण तिथे सापडणारच नाही! पेपर बघायला मिळणार नाही, फेरतपासणी मागता येणार नाही, हेही नियमातच होतं. विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मंडळाचे नियम कायम ठेवले. एवढ्या प्रचंड संख्येनं पेपर, निकालाला कुठेतरी शेवट हवाच, असा मुद्दा होता. तो काही खोटा नव्हता. निकाल लांबला की पुढचे प्रवेश लांबतात.

मग २००५ मध्ये माहिती अधिकार कायदा आला. २०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’च आहे, विद्यार्थ्याला ती बघता येते. आज आपल्या मंडळाकडेही आधी छायाप्रत आणि मग पुनर्मूल्यांकन मागता येतं.

पायऱ्यांचे गुण देणं आधी सर्वस्वी परीक्षकाच्या हातात होतं. आता ते दिले की नाही, हे मुलीला स्वतः बघता येतं. फक्त त्यासाठी पायरी कागदावर हवी. तोंडी केलेल्या हिशेबाची छायाप्रत निघत नाही. तेव्हा घरी कुणी दहावीला असेल तर एवढं सांगा : उत्तर येवो न येवो, सूत्र लिही. आणि निकाल लागला की अर्जाची मुदत चुकवू नका.

भेटू पुढच्या भागात!